कबूल करणे आणि कबुली देणे

गतवर्षी आषाढाच्या सुमारास, रामटेकला गडमंदिराच्या टेकडीवर ढग उतरून पायथ्याची घरे दुपारीच अंधारून येतात त्या दिवसांत, माझ्या ओसरीवर इंग्रजी शिकावयास येणाऱ्या आठदहा मुलांपैकी एका मुलीने वहीत एक वाक्य लिहून आणले. मूळ मराठी वाक्य मीच दिले होते : ‘मामाने मला सायकल देण्याचे कबूल केले.’ तिने कोश उघडला, ‘कबूल करणे’ या क्रियापदासमोर ‘कन्फेस’ हा शब्द तिला दिसला, आणि पुढचा विचार न करता तिने लिहून टाकले, ‘माय अंकल कन्फेस्ड टू गिव्ह मी अ सायकल.’ वाचून मला हसू आवरेना. कारण इंग्रजी वाचकाच्या डोळ्यांपुढे या वाक्याने जो मामा उभा राहतो तो भाचीवर प्रसन्न झालेला उदार गृहस्थ नसून, फौजदारासमोर खाली मान घालून आपल्या कृष्णकृत्याचा पाढा वाचणारा इसम असतो, आणि ते कृष्णकृत्य म्हणजे सायकल देणे! मुलीचा प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. ती म्हणाली, “सर, कबूल म्हणजे कबूल. चोरी कबूल केली तर चालते, मग सायकल कबूल केली तर काऊन नाही चालत?”

त्या दिवशी मी व्याकरणाचा एक नियम सांगून वेळ मारून नेली. पण प्रश्न मनातून जाईना.

एका शब्दाची दोन तोंडे

‘कबूल’ हा शब्द अरबीतून फारसीच्या मार्गाने आपल्याकडे आला, आणि त्याचा मूळ अर्थ स्वीकार एवढाच आहे. निकाहाच्या वेळी वधूवर ‘कबूल’ म्हणतात त्यात अपराधाचा लवलेशही नसतो. जमीनमहसुलाच्या जुन्या व्यवहारात सरकारातून रयतेला मिळे तो पट्टा आणि अमुक सारा भरीन असे रयत लिहून देई ती कबुलायत. तीही पुढच्या काळाकडे पाहणारी. हा शब्द भविष्याकडे तोंड करून उभा राहिला म्हणजे वचन होतो, आणि भूतकाळाकडे वळला म्हणजे दोषस्वीकार होतो. घराच्या उंबरठ्यावर ठेवलेला दिवा जसा ओसरीतही उजेड पाडतो आणि माजघरातही, तसे हे आहे. उजेड कोणत्या बाजूचा हे आपण भोवतालच्या शब्दांवरून ओळखतो.

इंग्रजी ‘कन्फेस’चे तसे नाही. त्याचे मूळ लॅटिन भाषेत असून त्यातील मुख्य धातू ‘बोलणे’ या अर्थाच्या धातूशी संबद्ध आहे; कीर्तिवाचक ‘फेम’ आणि कथावाचक ‘फेबल’ हे त्याच कुळातले, आणि ज्याला अजून बोलता येत नाही अशा बालकाला ‘इन्फन्ट’ म्हणतात तेही त्यामुळेच. त्याअर्थी आतले उघडपणे बोलून दाखविणे हा त्या शब्दाचा गाभा होय. एके काळी यालाही दोन तोंडे होती. छळ होत असतानाही आपली ख्रिस्तनिष्ठा उघडपणे सांगणाऱ्याला ‘कन्फेसर’ म्हणत, आणि 1066 मध्ये मरण पावलेला इंग्लंडचा राजा एडवर्ड याला ते बिरुद लागले ते काही त्याने गुन्हा कबूल केला म्हणून नव्हे. पुढे ते अभिमानाचे तोंड झिजत गेले. 1215 साली रोममध्ये भरलेल्या धर्मपरिषदेने प्रत्येक प्रौढ ख्रिस्ती व्यक्तीला वर्षातून एकदा तरी धर्मगुरूपुढे पापनिवेदन करणे बंधनकारक केले, तेव्हापासून पापाशीच या शब्दाची गाठ पक्की बसली असे म्हणावयास हरकत नाही. हाच शब्द पोर्तुगीजांच्या जहाजांतून आपल्या कोकण किनाऱ्यावर उतरला, आणि गोव्याच्या ख्रिस्ती कोंकणीत तो ‘कुमसार’ या, मूळ ओळखू न येणाऱ्या, रूपात आजही नांदतो आहे.

मग मामाचे काय? मराठीनेच येथे एक बारीक सोय करून ठेवली आहे, जिच्याकडे त्या दिवशी माझेही लक्ष गेले नव्हते. ‘कबूल करणे’ दोन्हीकडे चालते. पण ‘कबुली देणे’ म्हटले की शब्दाचे तोंड मागेच वळते. मामा सायकल द्यायचे कबूल करील, ‘सायकलची कबुली’ देणार नाही. आणि दिलीच, तर ती सायकल कोणाची तरी पळवून आणलेली आहे असेच ऐकणारा समजेल. चोरीची कबुली असते, कटाची असते, आणि प्रेमाचीही असते. प्रेम हा गुन्हा नव्हे, तरी तेथे हाच शब्द येतो, कारण जी गोष्ट लपवून ठेविली होती आणि जी बोलल्याने बोलणाऱ्याचेच काही पणाला लागते, ती ओठांवर आणणे हे दोहोंकडे समान आहे. ‘कन्फेस’ला जवळचा मराठी प्रतिशब्द हवा असेल तर तो ‘कबुली देणे’ हाच होय.

वाक्यरचनेत एक खाच आहे तीही येथेच सांगून टाकतो. ‘कन्फेस’च्या मागून येणारे ‘टू’ दोन कामे करते : कशाची कबुली दिली हेही तेच सांगते आणि कोणापुढे दिली हेही तेच. ‘टू’च्या पुढे कृत्य आले तर ते नामाच्या किंवा ‘स्टीलिंग’सारख्या रूपात येते, ‘स्टील’ अशा नुसत्या धातूच्या रूपात नव्हे. आणि आपण ‘मला सांग’ म्हणतो त्या धर्तीवर ‘कन्फेस मी’ असे म्हणता येत नाही, ‘कन्फेस टू मी’ असेच म्हणावे लागते. कन्फेस करणाऱ्यासमोर कोणीतरी असावे लागते, ही गोष्ट त्या चिमुकल्या ‘टू’मध्ये दडलेली आहे. तिच्याकडे शेवटी परत यावयाचे आहे.

बरणी कोणी फोडली?

आता कोश बाजूला ठेवून स्वयंपाकघरात येऊ. माझ्याच घरी, उन्हाळ्याच्या सुट्टीत, फडताळातली चिनी मातीची लोणच्याची बरणी खाली आली. आवाज झाला, पाठोपाठ मोहरीच्या तेलाचा वास ओसरीपर्यंत आला, आणि मी आत गेलो तो फरशीवर पिवळाजर्द ओघळ, त्यात कैरीच्या फोडी, आणि भिंतीला पाठ लावून उभी तीन नातवंडे. “आबाजी, बरणी फुटली,” धाकटा म्हणाला. मधली म्हणाली, “माझ्या हातून फुटली.” थोरला काहीच बोलला नाही. तेवढ्यात सूनबाई आल्या आणि म्हणाल्या, “फोडलीत ना बरणी!”

घटना एक, पण तिची तीन रूपे झाली. मराठीत क्रियापदांच्या कित्येक जोड्या आहेत : फुटणे-फोडणे, तुटणे-तोडणे, पडणे-पाडणे, जळणे-जाळणे, गळणे-गाळणे. यांतल्या पहिल्या क्रियापदाला कर्त्याची गरजच नसते. बरणी आपली आपणच फुटते, जणू तिला कंटाळा आला होता. दुसऱ्याला कर्ता लागतो. ‘माझ्या हातून’ ही या दोहोंमधली पायरी : येथे माणूस वाक्यात येतो, पण दारातूनच, हात त्याचा, मन त्याचे नव्हे. ऐकणाऱ्याला क्रिया कळते, कर्ताही कळतो, आणि हेतू नव्हता हेही कळते. आरोप करणारा नेहमी ‘फोडली’ म्हणतो आणि आरोपी नेहमी ‘फुटली’ म्हणतो, ही गोष्ट कोणत्याही घरात कान देऊन ऐकावी.

‘माझ्या हातून फुटली’ ही पळवाट आहे असे पुष्कळ शिक्षक मानतात आणि मुलांना ‘मी फोडली’ असेच म्हणावयास लावतात. मला ते पटत नाही. मराठीत ‘मी बरणी फोडली’ या वाक्याला मुद्दाम फोडल्याचा वास येतो. इंग्रजीतल्या ‘आय ब्रोक द जार’ला तो येत नाही. जिचा केवळ धक्का लागला तिने ‘माझ्या हातून’ म्हणणे हे अधिक खरे बोलणे होय, कमी खरे नव्हे. या ठिकाणी आपली भाषा इंग्रजीहून एक माप बारीक मोजते.

आणि ‘मी फोडली’ या वाक्यातही एक मौज आहेच. प्रमाण मराठीत ‘मी बरणी फोडली’, ‘मी चूक केली’ यांतले क्रियापद कर्त्याकडे पाहत नाही, कर्माकडे पाहते. ‘केली’ ही ‘चूक’ स्त्रीलिंगी म्हणून, ‘मी’ पुरुष असो वा स्त्री. आमच्या पूर्व विदर्भात मात्र ‘मी काम केलो’ अशी रचना पुष्कळदा कानावर येते आणि मास्तर मंडळी तिच्यावर तांबडी रेघ ओढतात. मीही आयुष्यभर ओढली. पण कबुलीच्या दृष्टीने पाहता, क्रियापद कर्त्याच्या शेजारी येऊन उभे राहते ते याच अशुद्ध समजल्या जाणाऱ्या रचनेत, हे मला फार उशिरा सुचले.

कचेऱ्यांची भाषा याच्या अगदी उलट टोकाला. एका कार्यालयाने माझ्या निवृत्तिवेतनाच्या कागदावर माझ्या वडिलांचे नाव चुकविले. त्याविषयी आलेल्या पत्रात ‘अनवधानाने त्रुटी राहून गेली, दिलगीर आहोत’ असे होते. त्रुटी राहून जाते, कोणी ठेवीत नाही! ‘दिलगीर’ हा फारसी शब्दही तपासण्याजोगा आहे : त्याचा अर्थ मन खिन्न झालेला, दुःखी. शेजारच्या घरी वाईट बातमी आली तरी माणूस दिलगीर होतो. माफी मागावयाची तर आधी दोष असावा लागतो. दिलगिरीला त्याची आवश्यकता नाही.

आता कबुलीचे धागे सुटे करून पाहता येतात. एक, अमुक घडले. दुसरा, ते मी केले. तिसरा, त्याचा दोष माझा आहे. चौथा धागा म्हणजे ज्याच्यापुढे हे सांगितले तो. ‘फुटली’मध्ये पहिलाच धागा आहे, ‘हातून फुटली’मध्ये दोन. चारही एकत्र पिळले म्हणजे ‘कन्फेस’चा दोर तयार होतो.

┌──────────────────────────────┐
चौकट : जवळजवळचे शब्द

ॲडमिट : मूळ अर्थ ‘आत येऊ देणे’. वस्तुस्थिती मान्य करणे. तीत दोष असेलच असे नाही. ‘उशीर झाला हे मान्य.’

कन्फेस : कबुली देणे. लपविलेले, आणि स्वतःला बाधक ठरणारे.

ओन अप : केलेले आपलेच म्हणून पुढे येणे. वर्गात ‘खडू कोणी फेकला?’ या प्रश्नाला हात वर करणे ते हे.

फेस अप : ‘कन्फेस’चेच डोके छाटून एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत रूढ झालेले घरगुती रूप. अर्जात लिहू नये.

प्लीड गिल्टी : न्यायालयात ‘गुन्हा कबूल’ म्हणणे. याच्या उलट, ‘गुन्हा नाकबूल’.

‘चूक पदरात घालणे’ म्हणजे दुसऱ्याला त्याची चूक दाखविणे. ‘चूक पदरात घ्या’ म्हणजे माझी चूक क्षमा करा. पदर एकच, घोटाळा मोठा.
└──────────────────────────────┘

न्यायालयाच्या पायरीवर

या धाग्यांची खरी किंमत कळते ती न्यायालयात, कारण तेथे एकेका क्रियापदावर माणसाचे स्वातंत्र्य, क्वचित प्राणही, टांगलेले असतात. आपल्या धर्मशास्त्रकारांनी वादातील उत्तराचे चार प्रकार पाडले होते. ‘हे खोटे आहे’ ते मिथ्या; ‘हे खरे आहे’ ती संप्रतिपत्ति; ‘याचा निवाडा पूर्वीच झाला आहे’ तो प्राङ्न्याय; आणि ‘घेतले खरे, पण परत केले’ ते प्रत्यवस्कंदन. वाद म्हणजे चार पायांचा प्राणी, फिर्याद, उत्तर, पुरावा आणि निर्णय असे त्याचे पाय, अशी त्यांची कल्पना होती. प्रतिवादीने संप्रतिपत्ति दिली की पुराव्याचे कारण उरत नाही, आणि मिताक्षरेच्या मते तो वाद दोनच पायांचा राहतो. मराठेशाहीतही हरलेल्या पक्षाकडून यजितपत्र लिहून घेत. आपण वादात हरलो हे त्याच्याच सहीनिशी कागदावर आले म्हणजे उद्या त्याच्या वंशजांनी तोच दावा पुन्हा उकरू नये, एवढा त्यातला व्यवहार.

कबुली इतकी सोयीची, म्हणूनच ती धोक्याची. पुरावा गोळा करण्यास उन्हातान्हात हिंडावे लागते; कबुली कोठडीत बसल्या जागी वदवून घेता येते. ‘वदणे’ आणि ‘वदवून घेणे’ यांच्यामध्ये तीनच अक्षरे वाढतात, परंतु त्यांत सगळा जुलूम मावतो. हे ओळखून जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी रचलेल्या 1872 च्या भारतीय पुरावा कायद्याने पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध शाबीत करता येणार नाही असे 25व्या कलमात सांगितले. बीज त्याआधीच्या 1861 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतले. 1 जुलै 2024 पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष अधिनियमाने घेतली. कलमांचे आकडे बदलले, 25 आणि 26 ही कलमे आता 23व्यात एकत्र आली, पण मर्म तेच राहिले. आमिष, धाक, जबरदस्ती वा आश्वासन यांमुळे निघालेला कबुलीजबाब निरुपयोगी, हे नव्या कायद्याच्या 22व्या कलमात आहे.

मग फौजदारापुढे आरोपी म्हणाला की ‘मी सुरी अमुक विहिरीजवळ पुरली’, आणि पंचांसमक्ष खरोखरच तेथून सुरी निघाली, तर? तेथे कायदा एक फट ठेवतो. विहिरीत पोहरा सोडला की सगळी विहीर वर येत नाही, पोहऱ्यात मावेल तेवढेच पाणी येते. तसे, त्या बोलण्यातला जेवढा भाग मुद्देमाल सापडण्याशी प्रत्यक्ष बांधलेला आहे तेवढाच ग्राह्य धरला जातो. ‘सुरी मी येथे पुरली’ हे वर येते, ‘जिने मी त्याला भोसकले’ हे खालीच राहते. पुलुकुरी कोटय्या या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने 1947 च्या सुमारास हा भेद स्पष्ट केला, आणि आजही त्याच निर्णयाचा दाखला दिला जातो.

ज्याला खरोखरच कबुलीजबाब द्यावयाचा आहे त्याने तो रामटेकसारख्या तालुक्याच्या ठिकाणी बसणाऱ्या न्यायदंडाधिकाऱ्यापुढे द्यावा, अशी योजना आहे. दंडाधिकारी प्रथम त्याला दोन गोष्टी समजावून सांगतो : तू कबुलीजबाब देण्यास बांधलेला नाहीस; आणि दिलास तर तो तुझ्याविरुद्ध वापरला जाऊ शकतो. विचार करावयास सामान्यतः निदान 24 तास द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने सरवन सिंग प्रकरणात 1957 साली म्हटले. आरोपी ऐन वेळी ‘मला काही सांगावयाचे नाही’ म्हणाला तर त्याला पोलिसांच्या कोठडीत परत धाडता येत नाही. या शेवटच्या तरतुदीत माणसाच्या स्वभावाचे किती ज्ञान साठविले आहे! नकार दिल्यानंतर ज्याच्या हाती परत पडावयाचे त्याच्या भीतीनेच जो होकार निघतो, तो होकार नव्हे.

आणि ‘ॲडमिट’ व ‘कन्फेस’ यांतला भेद? कायद्याच्या मराठीत एकाला कबुली व दुसऱ्याला कबुलीजबाब म्हणण्याचा प्रघात आहे. 1937 च्या मार्च महिन्यात पुरीच्या रेल्वे स्थानकावर तिसऱ्या वर्गाच्या डब्यात एका पोलादी ट्रंकेत प्रेत सापडले. पकाला नारायण स्वामी या गृहस्थाने पोलिसांना सांगितले होते की मृत इसम माझ्या घरी आला होता, रात्री मुक्कामाला राहिला, आणि दुसऱ्या दिवशी गाडीने निघून गेला. हा कबुलीजबाब झाला काय? 1939 मध्ये प्रिव्ही कौन्सिलच्या वतीने लॉर्ड ॲटकिन यांनी ‘नाही’ असे उत्तर दिले : स्पष्ट शब्दांत अपराधाचा, किंवा अपराध ज्यांचा मिळून बनतो त्या जवळजवळ सर्व गोष्टींचा स्वीकार असेल तरच तो कबुलीजबाब. एखादी अडचणीची गोष्ट मान्य करणे, ती कितीही संशयास्पद असो, म्हणजे अपराध मान्य करणे नव्हे. मला येथे पुन्हा ती बरणी दिसते. ‘मी फडताळापाशी होते’ म्हणजे ‘मी फोडली’ नव्हे.

शांतिनाथाच्या मंदिरापाशी

न्यायालय कबुलीला भिते. धर्म तिला बोलावतो. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पापापासून सुटण्याचे उपाय सांगताना पश्चात्ताप, तप, अध्ययन यांच्याही आधी ‘ख्यापन’ म्हणजे उघड सांगणे घातले आहे. पण या बाबतीतला सर्वांत सूक्ष्म विचार पाहावयाचा तर रामटेकच्या माणसाला दूर जावे लागत नाही. टेकडीच्या पायथ्याशी दिगंबर जैनांचे शांतिनाथ मंदिर आहे. ते अतिशय क्षेत्र मानले जाते आणि चातुर्मासात तेथे मुनींचा मुक्काम पडतो. जैन परंपरेत प्रायश्चित्ताचे नऊ प्रकार तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहेत, आणि त्यांतला पहिला आहे ‘आलोचना’. आपण आज हा शब्द दुसऱ्याच्या पुस्तकावर टीका करण्यासाठी वापरतो. मूळ धातूचा अर्थ मात्र पाहणे असा, आणि येथे पाहावयाचे ते स्वतःकडे, गुरूच्या समोर बसून.

पुढची गोष्ट अधिक नवलाची. शिष्य गुरूपुढे बसून आपला दोष सांगतो, एवढ्यानेच ती आलोचना शुद्ध झाली असे जैन आचार्य मानीत नाहीत. कबुली देताना माणूस ज्या लबाड्या करतो त्यांची त्यांनी दहा नावे पाडून ठेविली आहेत. गुरूला आधी काही भेट देऊन त्याचे मन मऊ करावयाचे म्हणजे प्रायश्चित्त हलके मिळेल, तो ‘आकंपित’ दोष. मी फार अशक्त आहे, मला झेपेल एवढेच द्याल ना, असा अंदाज आधी घ्यावयाचा, तो ‘अनुमापित’. दुसऱ्यांनी पाहिले तेवढेच सांगावयाचे आणि कोणी न पाहिलेले गिळून टाकावयाचे, तो ‘दृष्ट’. ‘बादर’ म्हणजे ढोबळ दोष तेवढे सांगणे. आणि ‘सूक्ष्म’ त्याच्या उलट, मुंगी मेल्याचे सांगावयाचे आणि मोठे दडवावयाचे, म्हणजे ऐकणाऱ्याला वाटावे की जो मुंगीचेही सांगतो तो काय लपविणार! सर्व जण मोठ्याने बोलत असताना त्या गलक्यात आपले उरकून घ्यावयाचे, तो ‘शब्दाकुलित’. ज्याला त्यातले काही कळत नाही अशापुढे सांगणे ‘अव्यक्त’, आणि जो स्वतःच तोच दोष करतो असा गुरू हुडकून त्याच्यापुढे सांगणे ‘तत्सेवी’.

‘सूक्ष्म’ वाचताना मी जरा थांबलो. याच लेखात, आयुष्यभर तांबड्या रेघा ओढल्याचे मी किती सहजपणे सांगून टाकले!

या दहांतले बहुतेक दोष शब्दांत नाहीत, चौथ्या धाग्यात आहेत. काय सांगितले हे खरे असूनही, कोणापुढे, कोणत्या गलक्यात आणि कोणत्या आशेने सांगितले, यावरून ते खोटे ठरू शकते. न्यायदंडाधिकारी आरोपीला आधी जे समजावून सांगतो तो कायद्याने याच धाग्यावर ठेवलेला पहारा आहे, असे मला वाटते. फरक इतकाच की एकाला ऐकणाऱ्याच्या बळाची भीती, तर दुसऱ्याला सांगणाऱ्याच्या चतुराईची.

टेकडीवरचा यक्ष

रामटेक म्हणजेच मेघदूतातला रामगिरी हे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी ठासून मांडले, आणि तेव्हापासून आमच्या गावात यक्षाला घरच्या माणसासारखे वागविले जाते. कालिदासाचे स्मारक टेकडीवर आहे, त्याच्या नावाचे संस्कृत विश्वविद्यालय 1997 पासून गावात आहे. ‘टेक’ म्हणजे प्रतिज्ञा, रामाने येथे राक्षसांच्या नाशाची प्रतिज्ञा केली म्हणून रामटेक, अशी लोकांची व्युत्पत्ती आहे. तिचा खरेखोटेपणा काहीही असो, या टेकडीच्या नावात ‘कबूल’चे पुढे पाहणारे तोंड आहे. मागे पाहणारे तोंड यक्षाचे असावयास हवे होते.

यक्षाला शिक्षा झाली ती आपल्या अधिकाराच्या कामात प्रमाद केल्याबद्दल. वर्षभराची हद्दपारी, त्यातले आठ महिने सरलेले. पण त्या प्रमादाचे आपल्याला सांगतो कोण? कवी, पहिल्याच श्लोकात, आणि तेही जाता जाता. पुढे शंभराहून अधिक श्लोकांच्या त्या काव्यात यक्ष मेघाशी जे बोलतो त्यात वाटेवरची नगरे आहेत, नद्या आहेत, पत्नीचे कृश झालेले रूप आहे. स्वतःच्या चुकीचा उच्चार नाही. विरह कशामुळे घडला याचे कारण तो देतो तेव्हा धनपती कुबेराचा क्रोध हे कारण देतो, आणि पुढे दैवाला बोल लावतो. ‘मी चुकलो’ तर नाहीच, ‘माझ्या हातून झाले’ असेही नाही. बरणी फुटली, सूनबाई रागावल्या, आणि नशीब वाईट! प्रमाद नेमका काय होता हे रिकामेच राहिल्यामुळे टीकाकारांनी आणि कथेकऱ्यांनी त्या जागी आपापल्या गोष्टी बसविल्या, आणि त्याबद्दल त्यांना दोष देता येत नाही. कबुली नसेल तेथे अफवा वस्तीला येते.

आषाढाच्या शेवटच्या आठवड्यात मी मुलांना अभ्यास दिला : यक्षाच्या वतीने ‘कन्फेस’ घालून एक इंग्रजी वाक्य लिहा. बहुतेकांनी कुबेरापुढे हात जोडून उभा असलेला यक्ष लिहिला आणि ‘टू’च्या पुढे ‘नेग्लेक्टिंग’ व्यवस्थित बसविले. सायकलवाल्या मुलीने मात्र लिहिले होते, ‘द यक्ष कन्फेस्ड टू द क्लाउड.’ व्याकरण निर्दोष होते. तरी मी तिला म्हटले की पोरी, मेघापुढे सांगून काय उपयोग, तो काही गुरू नव्हे की दंडाधिकारी नव्हे, त्याला ऐकण्याचा अधिकार कोठला? यालाच अव्यक्त दोष म्हणतात.

तिने वही मिटली आणि बाहेर पाहिले. टेकडीवरचा ढग उत्तरेकडे सरकत होता.

“पण सर,” ती म्हणाली, “मेघ तर अलकेलेच चालला होता न? कुबेराच्याच गावाले.”